चौथी प्रत

माईंनी स्वतःचं असं एकही नाटक लिहिलं नाही. तरी गिरगावातल्या कुठल्याही नाटककाराने लिहिली नसतील एवढी नाटकाची पानं त्यांच्या हातून उतरली. त्या नाटकांच्या प्रती काढून देत. झेरॉक्स अजून गल्लोगल्ली पोचलेलं नव्हतं, मराठी टंकलेखन सगळ्यांना परवडत नव्हतं, आणि लेखकाच्या हस्ताक्षरातलं बाड तसंच तालमीला नेलं तर नटांची निम्मी शक्ती अक्षर लावण्यातच जायची. मग निर्मात्याचा माणूस पिशवीत बाड घेऊन फणसवाडीत यायचा. बालाजीच्या देवळावरून आत, आमच्या चाळीचा दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. पानामागे दर ठरलेला. कागद निर्मात्याचा, कार्बन माईंचा.

माईंचे यजमान एका नाटक कंपनीचे हिशेब लिहीत. ते गेल्यावर कंपनीच्याच ओळखीतून हे काम त्यांच्याकडे आलं. मी त्यांच्या शेजारच्या खोलीतली. वाचता येऊ लागल्यापासून माझ्याकडे बाड वाचून दाखवण्याचं काम होतं. आधी पात्राचं नाव, मग भाषण, मग कंसातली सूचना, सगळं विरामचिन्हांसकट. तीन टिंबं असली तर "टिंब टिंब टिंब" हेही मोठ्याने म्हणायचं. माझ्या वयाच्या मुली गॅलरीत सागरगोटे खेळत असायच्या आणि मी आत ठणठणीत आवाजात "हा मुलगा तुमचा नाही, उद्गारचिन्ह" असलं काहीतरी वाचत असायची. नळावर चाललेल्या बायका दारात थबकायच्या. माई मान वर न करता म्हणायच्या, "अगं, पुढे वाच. त्यांना तिकीट काढून बघू दे."

या कामाचं शास्त्र होतं. बॉलपेन दाबून चालवायचं, खाली तीन कार्बन. मूळ धरून चार प्रती निघत. दुसरी बरी, तिसरी कामचलाऊ, चौथी जेमतेम. सर्वांत ठळक प्रत सेन्सॉरकडे जावी असं निर्मात्याच्या माणसाला वाटे, कारण तिथे अडलं तर सगळंच अडलं. माई ती प्रॉम्प्टरसाठी ठेवत. "सेन्सॉरवाल्यांच्या टेबलावर दिवा असतो," त्या म्हणत, "विंगेत कुठला दिवा?" डावीकडे चार बोटं समास, पात्रांची नावं त्यालगत, रंगसूचना लाल रेघेवर. आणि कुणाचंही वाक्य पान उलटताना तोडायचं नाही, मग खाली अर्धं पान कोरं राहिलं तरी चालेल. प्रॉम्प्टर पान उलटतो त्या क्षणीच नट अडकतो, हे त्यांचं ठाम मत होतं. कोऱ्या राहिलेल्या जागेचे पैसे लावता का, यावरून एका व्यवस्थापकाशी त्यांचा खडाजंगी वाद झालेला मी ऐकलेला आहे.

चौथी, फिकट प्रत माईंची. ती कुणी मागत नसे.

पहिल्या प्रयोगाचे दोन पास त्यांना मिळत, त्यातला एक माझा. बहुतेक वेळा साहित्य संघ मंदिर, म्हणजे ठाकूरद्वार ओलांडून केळेवाडीपर्यंत चालत. कधी शिवाजी मंदिरला प्रयोग असला की दादरपर्यंत ट्रामची आठवण काढत बसने. माई ती चौथी प्रत आणि टोक केलेली पेन्सिल पर्समध्ये घालून नेत आणि मागच्या रांगेत, दरवाज्याच्या फटीतून उजेड येईल अशा जागी बसत. जे वाक्य गाळलं गेलं त्याच्यावर आडवी रेघ. नटाने पदरचं घातलं तर समासात ते. हशा आला की 'ह', टाळी आली की 'टा', आणि सभागृह गप्प झालं की नुसतं एक वर्तुळ. मोठं वर्तुळ म्हणजे मोठी शांतता. काही दिवसांनी प्रयोग रुळला की पुन्हा एकदा जाऊन निळ्या पेन्सिलीने दुसऱ्यांदा खुणा.

यात कलाप्रेम होतं असं माईंनी कधी कबूल केलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. वर्षभरात नट बदलतो, नवा नट येतो, त्याला प्रत द्यायची वेळ येते, तोवर प्रयोग आणि मूळ बाड यांचा संबंध उरलेला नसतो. मग निर्मात्याचा माणूस पुन्हा जिना चढतो आणि विचारतो, "माई, चालतं नाटक आहे का तुमच्याकडे?" चालतं नाटक फक्त माईंकडे असे. त्याचा दर दीडपट.

पुढे नाट्यसमीक्षा लिहायला लागले, मग शिकवायला लागले, तेव्हा कळलं की माईंनी पोटासाठी ठेवलेल्या या खुणांसारखी वस्तू अभ्यासकाला सहसा मिळत नाही. मराठी रंगभूमीचा इतिहास आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या 'सीता स्वयंवरा'पासून मोजतो. त्यातल्या पहिल्या शंभर वर्षांतल्या प्रयोगांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, ते बरंचसं नटांच्या आणि जाणकारांच्या आठवणींतून. गणपतराव बोडसांची 'माझी भूमिका', चिंतामणराव कोल्हटकरांचं 'बहुरूपी', गोविंदराव टेंब्यांचं लेखन. ही पुस्तकं नसती तर आपण आंधळे असतो. पण नटाची आठवण ही नटाची आठवण असते. तिच्यात टाळी जरा जास्तच वाजते. संगीत नाटकांच्या काळात कंपनीतल्या प्रत्येक नटाच्या हाती त्याच्या भूमिकेपुरती नक्कल पडे, म्हणजे स्वतःची भाषणं आणि त्याआधीचे शेवटचे चार शब्द. सबंध बाड मालकाच्या नाहीतर तालीम मास्तरांच्या पेटीत. कंपनी मोडली की पेटी कुठे गेली हे कोण सांगणार?

८ जुलै १९२१चा 'संयुक्त मानापमान' घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी बालीवाला थिएटरात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकत्र उभे राहिले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. त्या रात्री मी तिथे होतो असं सांगणारे आजोबा गिरगावात इतके होते की बालीवालाला आणखी दोन मजले चढवावे लागले असते. नाटक छापील उपलब्ध आहे. दोघांच्या गाण्याच्या तबकड्याही आहेत. पण तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात, आणि नाट्यगृहात तेच पद वन्समोर घेत घेत किती लांबायचं त्याला सुमार नव्हता. तबकडीत गाणं आहे. वन्समोर मागणारे लोक नाहीत. तरीही ज्यांनी या तबकड्या जपल्या त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. १९९०मध्ये मुंबईत सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि तिचे सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या नादिष्ट माणसांनी चोरबाजारातून जे वाचवलं, ते एरवी मोडीत गेलं असतं.

चालत्याबोलत्या चित्राचंही असंच. बालगंधर्वांचं स्त्रीरूप ज्या काळात महाराष्ट्र डोळ्यांत साठवत होता त्या काळात त्याचं बोलतं चित्रण होणं शक्यच नव्हतं. बोलपट आला आणि १९३५च्या 'धर्मात्मा'त ते दिसले ते संत एकनाथ म्हणून. मीराबाई म्हणून पडद्यावर आले तेव्हा १९३७ साल उजाडलं होतं, वय पन्नाशीला टेकलं होतं, आणि त्या चित्रपटाला यशही आलं नाही. कॅमेरा नटापर्यंत पोचतो तो असा उशिरा. आमच्या फणसवाडीचा अभिमान म्हणजे प्रभाकर पणशीकर, पंत इथलेच. 'तो मी नव्हेच' ८ ऑक्टोबर १९६२ला दिल्लीत उभं राहिलं. अत्र्यांची संहिता, रांगणेकरांचं दिग्दर्शन, फिरता रंगमंच, एकाच नटाची पाच रूपं. आज आपण चित्रफितीवर लखोबा लोखंडे बघतो, पण तो काही १९६२चा लखोबा नव्हे. शेकडो प्रयोगांनी घासूनपुसून गुळगुळीत झालेला, स्वतःच्या टाळ्यांची जागा पाठ असलेला लखोबा आहे तो. मला तो आवडतो. पण पहिल्या वर्षीचा हवा असेल तर पंतांचं 'तोच मी!' आणि तेव्हाची वर्तमानपत्रं यांच्याकडेच जावं लागतं.

आता माईंच्या चौथ्या प्रतीची एक गोष्ट सांगते. नाटकाचं नाव घेत नाही, पुढे कारण कळेल. कौटुंबिक नाटक, तीन अंकी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी सासर सोडून आलेली मुलगी पहाटे दारात उभी आहे. बाप वर्तमानपत्र वाचतोय. मूळ बाडात बापाचं पाऊण पानाचं भाषण आहे: समाज, इभ्रत, आईचे कष्ट, शेवटी माया. ते मी वाचून दाखवलेलं असल्यामुळे अजून पाठ आहे. पहिल्या प्रयोगाच्या खुणांत त्यातल्या चार ओळींवर रेघ. निळ्या पेन्सिलीच्या खुणांत सगळ्या भाषणावर फुली, एक मोठं वर्तुळ, आणि समासात नटाचं वाक्य: "पाणी तापलंय." त्याखाली माईंनी लिहिलंय, "पेपर आधी घडी घालतो, मग बोलतो. सावकाश."

हे नाटक पुढे पुस्तकरूपात आलं. लेखकाने प्रकाशकाला स्वतःचं बाड दिलं असणार, कारण पुस्तकात पाऊण पान भाषण जसंच्या तसं आहे. माझ्या वर्गातली हुशार मुलं पुस्तक वाचून म्हणाली की नाटक शब्दबंबाळ आहे. त्यांचं काय चुकलं? पुस्तक शब्दबंबाळ आहेच. मग त्यांना त्या काळच्या एका साप्ताहिकातलं परीक्षण दाखवलं. समीक्षकाने लेखकाच्या संयमाचं तोंड भरून कौतुक केलेलं. मुलं हसली, यांनी नाटक पाहिलं तरी का, असं एकाने विचारलं. पुढे दूरचित्रवाणीसाठी त्याच नाटकाचं स्टुडिओत चित्रीकरण झालं होतं, तेही मिळवलं. त्यात वाक्य तेच, "पाणी तापलंय." पण त्या क्षणी कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावर. तिच्या डोळ्यांत पाणी, मागे सतारीचा तुकडा. पेपरची घडी दिसतच नाही. सभागृहात आम्ही सगळे त्या घडीकडे बघत होतो. मुलीचा चेहरा बघायचं सुचलंही नव्हतं कुणाला, कारण त्या नटाने ती घडी घालता घालता कडेला कडा जुळवायला जो वेळ घेतला होता, त्यात बापाचा होकार-नकार लोंबकळत होता.

ही तीन साधनं तीन वेगळी नाटकं दाखवतात, आणि चौथ्या प्रतीशिवाय त्यांची सांगड बसत नाही. चौथी प्रतही पुरी नाही. नटाचा आवाज कसा होता ते माईंच्या पेन्सिलीला लिहिता आलेलं नाही. पण परीक्षण लिहिणारा खोटं बोलत नव्हता, एवढं तिने मुलांना पटवलं.

माझ्यावर दुसरं ऋण आहे ते या परीक्षणवाल्यांचं. तरुणपणी आम्ही त्यांना शिव्या घालत असू, ती गोष्ट वेगळी. माधव मनोहर 'सोबत'मध्ये लिहीत आणि हे कुठल्या इंग्रजी नाटकावरून उचललंय ते सांगताना कुणाची भीड ठेवत नसत. ज्ञानेश्वर नाडकर्णी चित्रकलेवरही तेवढ्याच अधिकाराने लिहीत, त्यामुळे रंगमंचाकडे बघायचं कसं ते त्यांच्याकडून घ्यावं. कमलाकर नाडकर्णी, पुष्पा भावे, आणि पुढे जयंत पवार, ज्यांनी 'अधांतर'सारखं नाटक लिहूनही दुसऱ्यांच्या नाटकांसाठी वेळ काढला. उत्तम, मध्यम, टाकाऊ हा शेरा चाळीस वर्षांनी माझ्या काडीच्या उपयोगाचा नसतो. नट कुठे उभा होता, दिवा कधी मंदावला, लोक कुठे चुळबुळले, हे ज्याने ज्याने लिहिलं त्याचे उपकार. आजच्या परीक्षणांत निम्मी जागा कथानकाला आणि उरलेली 'सर्वांनी समर्थ साथ दिली' या वाक्याला जाते. ते वाक्य कायद्याने बंद करावं.

माईंचं समीक्षेबद्दलचं धोरण सोपं होतं. कुणी म्हणालं 'नटसम्राट' बघून आलो, की त्या लगेच विचारत, "कोणाचं? लागूंचं का भटांचं?" २३ डिसेंबर १९७०ला डॉ. लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी आले. संहिता शिरवाडकरांची एकच. तरी नुसतं 'नटसम्राट' बघितलं असं म्हणणं माईंच्या लेखी अर्धवट होतं. माझ्या वर्गातला पहिला तास मी अजून याच प्रश्नावर काढते.

प्रायोगिक रंगभूमीवर तर चौथी प्रत ठेवणारंही कुणी नव्हतं. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली सुलभा देशपांड्यांची बेणारे निदान सत्यदेव दुब्यांच्या १९७१च्या चित्रपटात सापडते, अर्थात चित्रपटाच्या अटींवर. पण १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने जे जे करू दिलं, त्यातलं कितीतरी फक्त बघणाऱ्यांच्या डोक्यात आहे. शांता गोखल्यांनी भुलाभाई, वालचंद टेरेस आणि छबिलदास इथल्या माणसांना बोलतं करून २०१५ साली तो मौखिक इतिहास इंग्रजीत पुस्तकरूपाने आणला, हे आपलं नशीब. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बेट्टी कॉर्विन या बाईंनी १९७० सालीच चालू नाटकं प्रेक्षकांसकट चित्रित करून ठेवायला सुरुवात केली. त्या फिती घरी नेता येत नाहीत, अभ्यासासाठी तिथेच बसून बघायच्या. म्हणजे ज्या काळात माई मागच्या रांगेत पेन्सिल चालवत होत्या, त्याच काळात. आपल्याकडे तसं काही का झालं नाही याची रडकथा मी इथे सांगत बसणार नाही.

गंमत अशी की नाटकं जपण्यात सर्वांत मोठा हात लागला आहे तो नाटकांचा गळा धरणाऱ्यांचा. इंग्लंडात १७३७च्या कायद्याने प्रत्येक नवं नाटक लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत आधी दाखवावं लागे. १९६८ साली ती सक्ती गेली, पण मागे राहिलेल्या हजारो संहिता आज ब्रिटिश लायब्ररीत अभ्यासकांसाठी खुल्या आहेत. आपल्याकडेही १८७६चा नाट्यप्रयोगांचा कायदा, आणि राज्य झाल्यावर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. 'सखाराम बाइंडर'च्या वेळी त्या मंडळाशी कसं भांडावं लागलं ते कमलाकर सारंगांच्या 'बाइंडरचे दिवस'मध्ये वाचावं. सेन्सॉर असू नये असं माझं मत आहे. आणि सेन्सॉरकडे सादर झालेल्या प्रती मात्र राहाव्यात, असंही आहे.

माईंच्या प्रती त्यांच्या खोलीत माळ्यावर होत्या. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसं. तिथे कागद टिकतो तो केवळ माळ्याच्या कृपेने. गिरगावातल्या नाट्यइतिहासाला वाळवीपेक्षा जागेच्या भावाने जास्त खाल्लंय. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा घराघरांतून रद्दीचे ढीग खाली आले: हँडबिलं, स्मरणिका, कुणाच्या तरी आजोबांच्या नकला. माईंच्या सुनेने मला फोन करून सांगितलं, "ताई, उद्या रद्दीवाला येतोय, तुम्हाला काय हवं ते आज न्या." त्या मुलीचंही माझ्यावर ऋणच.

त्या प्रती आता माझ्या कपाटात आहेत. त्यांचं चित्रांकन करायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की सरळ उजेडात फिकट कार्बन थोडाफार उमटतो, पेन्सिल मात्र नाहीशी होते. दिवा एका बाजूने, अगदी कागदाला लागून धरला की पेन्सिलीच्या दाबाची खोबण दिसते. असं पान पान करत काम चाललंय. मुलांना ते द्यायचं तर लेखकाच्या वारसांची परवानगी हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क त्यांचा. शब्द नाटककाराचे, 'पाणी तापलंय' नटाचं, वर्तुळ माईंचं. यातलं कुठलं कुणाच्या मालकीचं, हे मी ज्या वकिलांना विचारलं त्यांनी आधी नाटकाचीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

वारसांना पत्रं घातली. बहुतेकांनी आनंदाने होकार कळवला. एकांनी उत्तर दिलं नाही. आणि त्या कौटुंबिक नाटकाच्या लेखकाच्या चिरंजिवांनी उलट प्रश्न केला, की ही प्रत बाबांच्या माणसाने पैसे देऊन करून घेतली असणार, मग ती तुमच्या त्या बाईंकडे राहिलीच कशी? प्रश्न रास्त होता. माईंची हिशेबाची वहीही त्या गठ्ठ्यात होती. नाटकाचं नाव, पानं, दर, एकूण, जमा, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने बाकी. त्या पानाची छायाप्रत मी चिरंजिवांना पाठवली. आठवड्याभरात परवानगीचं पत्र आलं, अगदी सौजन्याने लिहिलेलं. बाकी अजून तशीच आहे.